विश्लेषण : मेच्या सुट्टीत स्कीइंगचा बेत… पण बर्फ नेमका कुठे शिल्लक असतो?

शाळांच्या परीक्षा संपतात, कार्यालयातून रजा मंजूर होते आणि मराठी घरांत सहलीचे बेत ठरू लागतात, त्याच वेळी उत्तर गोलार्धातील बहुतेक स्की-केंद्रे आपला हंगाम आवरत असतात. तरीही एप्रिलचा उत्तरार्ध ते मेअखेर या काळात स्कीइंग करता येईल अशी मोजकी ठिकाणे जगात आहेत. ती कोणती, तिथला बर्फ का टिकतो आणि विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी…

सुट्टी आणि स्की-हंगाम यांचा मेळ का बसत नाही?

उत्तर गोलार्धात स्कीइंगचा मुख्य हंगाम डिसेंबर ते मार्च असा असतो. युरोपातील अनेक देशांत शाळांना फेब्रुवारीच्या सुमारास हिवाळी सुट्टी मिळते. नाताळ, ही हिवाळी सुट्टी आणि ईस्टर हे तिथल्या स्की-केंद्रांच्या कमाईचे तीन मोठे टप्पे. ईस्टर उलटला की गिऱ्हाईक ओसरते आणि अनेक केंद्रे बंद होतात. महाराष्ट्रात मात्र शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये होतात, मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यास शाळा उघडतात. विदर्भात त्याही नंतर. म्हणजे आपली मोठी सुट्टी नेमकी स्की-हंगामाच्या शेपटाला येते. दक्षिण गोलार्धाचाही येथे उपयोग नाही. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिली, अर्जेंटिना येथील हंगाम साधारण जूनमध्ये सुरू होतो. मे महिन्यात तिथल्या लिफ्ट सुरूच झालेल्या नसतात.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोंगरावर बर्फ आहे म्हणजे स्कीइंग सुरू आहे, असे नाही. लिफ्ट चालवणे, उतार यंत्राने सपाट करणे, बचाव पथक तैनात ठेवणे हे सारे खर्चिक असते. पुरेसे पर्यटक नसतील तर भरपूर बर्फ असूनही केंद्र ठरल्या तारखेला बंद होते. त्यामुळे उशिराच्या सहलीसाठी पहिला प्रश्न ‘बर्फ किती?’ हा नसून ‘लिफ्ट कोणत्या तारखेपर्यंत चालू?’ हा असतो.

भारतातील पर्याय एप्रिलनंतर का उरत नाहीत?

हिमालयात हिवाळ्यात पडणारा बर्फ मुख्यतः भूमध्य सागराकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा जोराचा काळ. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथली गंडोला अफरवत शिखराजवळ ३,९०० मीटरच्याही वर पोहोचते. वरच्या भागात एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत स्कीइंग होऊ शकते. पण गुलमर्गचे अक्षांश सुमारे ३४ अंश आहेत. या अक्षांशावर वसंतातील ऊन आल्प्सपेक्षा बरेच प्रखर असते. उत्तराखंडमधील औली २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात येते आणि तिथला हंगाम मार्चमध्येच संपतो. मनालीजवळच्या सोलंग खोऱ्याचीही तीच गत. मे महिन्यात रोहतांग खिंडीत (३,९७८ मीटर) बर्फ असतो. तिथे जाण्यासाठी वाहनांना परवाना लागतो आणि पर्यटक भाड्याची स्की पायाला बांधून थोडेफार घसरतातही. मात्र लिफ्ट आणि आखलेले उतार असलेले ते स्की-केंद्र नव्हे.

शिवाय भारतातील हंगाम आता भर हिवाळ्यातही बेभरवशाचा झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे होणारा ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये पार पडला. औलीचा तळ असलेल्या जोशीमठमध्ये २०२३ च्या जानेवारीत जमीन खचू लागल्यानंतर तिथला रोपवेही बंद करण्यात आला.

उंची, दिशा आणि अक्षांश यांचे गणित काय?

वसंतात बर्फ टिकण्याची तीन प्रमुख कारणे आहेत. पहिले उंची. दर हजार मीटर चढल्यावर हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने घटते. १,५०० मीटरवरील गावात दुपारी १५ अंश तापमान असेल, तर ३,५०० मीटरवर ते दोन अंशांच्या आसपास असते. दुसरे दिशा. उत्तर गोलार्धात उत्तराभिमुख उतारांवर ऊन तिरपे आणि कमी वेळ पडते. दक्षिणाभिमुख उतार त्याच उंचीवर कितीतरी आधी उघडे पडतात. तिसरे अक्षांश. ध्रुवाकडे जावे तसा सूर्य क्षितिजालगत राहतो आणि कमी उंचीवरही बर्फ टिकतो.

स्वीडनमधील रिक्सग्रेन्सन हे याचे उत्तम उदाहरण. तिथल्या उतारांचा माथा अवघा ९०९ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी उंचीवर. तरीही सुमारे ६८ अंश उत्तर अक्षांशामुळे तिथे मेमध्ये स्कीइंग चालते. याउलट स्वित्झर्लंडमध्ये मेमध्ये स्कीइंग करायचे तर तीन हजार मीटरच्या पुढेच जावे लागते.

म्हणूनच जाहिरातीत ठळकपणे छापलेली माथ्याची उंची पुरेशी नसते. पाहायचे ते असे : बहुतांश उतार कोणत्या उंचीच्या पट्ट्यात आहेत, त्यांचा रोख कोणत्या दिशेला आहे आणि खालच्या गावापर्यंत स्कीवरून उतरता येते की परतताना केबल कारनेच यावे लागते. मेमध्ये बहुतेक ठिकाणी केबल कारनेच उतरावे लागते.

वसंतातला बर्फ वेगळा कसा असतो?

जानेवारीतला भुसभुशीत, कोरडा बर्फ मेमध्ये क्वचितच मिळतो. दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे या चक्रामुळे बर्फाच्या कणांचे जाड, गोलसर दाणे तयार होतात. पहाटे हा थर काचेसारखा टणक असतो. ऊन चढले की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात आणि त्यावरून स्की अतिशय सहज वळते. या बर्फाला ‘कॉर्न स्नो’ म्हणतात आणि जाणकार स्कीपटू खास त्यासाठी वसंताची वाट पाहतात. पण ही अवस्था फार तर दोन-तीन तास टिकते. दुपारपर्यंत बर्फाची पातळ लापशी होते, स्की त्यात रुतते आणि गुडघ्यांवर ताण येतो.

त्यामुळे वसंतातला स्कीइंगचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो आणि दुपारी एक-दोनपर्यंत संपतो. उन्हाळ्यात चालणारी अनेक हिमनदी-केंद्रे दुपारीच लिफ्ट बंद करतात. दिवसभराच्या पासचे पैसे मोजताना प्रत्यक्षात हाती येणारे तास चार-पाचच आहेत, हे गृहीत धरावे. पूर्वाभिमुख उतार आधी मऊ होतात, मग दक्षिण व पश्चिम आणि सर्वांत शेवटी उत्तर. त्या क्रमाने उतार बदलत गेल्यास चांगला बर्फ अधिक वेळ मिळतो. त्यासाठी केंद्र मोठे आणि अनेक दिशांना पसरलेले असावे लागते.

आल्प्समध्ये मेमध्ये काय उघडे असते?

तारखेनुसार येथील पर्याय वेगाने कमी होत जातात. एप्रिलअखेरपर्यंत निवड मोठी असते. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फ्रान्समधील व्हाल तोराँस (गावच २,३०० मीटरवर) आणि तीन्य, तसेच ऑस्ट्रियातील सोल्डन अशी उंचावरील केंद्रे साधारणपणे चालू असतात. त्यानंतर मात्र हिमनदी असलेली केंद्रेच उरतात.

यात दोन नावे महत्त्वाची. स्वित्झर्लंडमधील झरमॅट येथे ‘मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज’ हे ३,८८३ मीटरवरील केबल कार स्थानक आहे आणि त्याखालील हिमनदीवर बाराही महिने स्कीइंग चालवले जाते. ऑस्ट्रियातील त्सिलरटाल खोऱ्याच्या टोकाला असलेले हिन्टरटुक्स ३,२५० मीटरपर्यंत जाते आणि तेही वर्षभर चालणारे केंद्र आहे. ऑस्ट्रियातील स्टुबाई आणि कित्सस्टाइनहॉर्न येथेही मेमध्ये लिफ्ट चालू राहतात. स्वित्झर्लंडमधील टिटलिस मराठी पर्यटकांच्या चांगल्या ओळखीचे. तिथला हंगामही साधारण मेपर्यंत चालतो. मात्र ‘युरोप टूर’मध्ये टिटलिस किंवा युंगफ्राउयोखवर मिळणारा तासाभराचा बर्फातला खेळ आणि प्रत्यक्ष स्कीइंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्फ पाहणे, त्यात खेळणे एवढीच हौस असेल तर वेगळी स्की-सहल आखण्याची गरज नाही.

झरमॅटचा एक फायदा म्हणजे मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे आणि पुढे गावापर्यंत रेल्वे जाते. गावात खासगी मोटारींना प्रवेश नाही. तोटा म्हणजे खर्च. हिन्टरटुक्स तुलनेने स्वस्त, पण लहान. शिवाय मे हा आल्प्समध्ये दोन हंगामांच्या मधला रिकामा काळ असतो. हिवाळी पर्यटक गेलेले, उन्हाळी आलेले नाहीत. अशा वेळी निम्मी हॉटेले आणि उपाहारगृहे दुरुस्तीसाठी बंद असतात. शाकाहारी कुटुंबांनी स्वयंपाकघर असलेली खोली घेणे सोयीचे ठरते.

ध्रुवाजवळ आणि अटलांटिकपलीकडे काय?

रिक्सग्रेन्सन हे आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला, नॉर्वेच्या सीमेलगत आहे. भर हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नाही, त्यामुळे हंगामच फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. हंगामाच्या अखेरीस रात्री उशिराही उजेडात स्कीइंग करता येते. स्टॉकहोमहून नार्विककडे जाणारी रात्रीची रेल्वे थेट तिथे थांबते. नॉर्वेतील गॅल्डहोपिगेन आणि फोन्ना ही केंद्रे तर हिवाळ्यात बंद असतात, कारण अतिबर्फामुळे रस्तेच गाडले जातात. वसंतात रस्ता मोकळा झाला की तिथला हंगाम सुरू होतो. जपानमध्ये यामागाता प्रांतातील गास्सान येथेही असेच घडते. तिथला हंगाम एप्रिलमध्ये सुरू होऊन जुलैपर्यंत जातो. मात्र एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानमध्ये ‘गोल्डन वीक’ची सुट्टी असते, त्या काळात गर्दी आणि दर दोन्ही वाढतात.

अमेरिकेत कोलोरॅडोतील अरापाहो बेसिनचा पायथाच ३,२८६ मीटरवर आहे. तिथला हंगाम चांगल्या वर्षी जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो. कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटन हे मेअखेरपर्यंत चालण्यासाठी ओळखले जाते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे मुख्य लॉजजवळ विक्रमी ७१५ इंच बर्फ पडला आणि ६ ऑगस्ट २०२३ पर्यंत लिफ्ट चालल्या. पण असे वर्ष अपवादात्मक. ओरेगॉनमधील माउंट हुडवरील टिंबरलाइन हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत लांब हंगामाचा पर्याय. कॅनडात बान्फ सनशाइनचा हंगाम मेमधील व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत, तर व्हिसलर ब्लॅककॉम्बचा साधारण मेच्या उत्तरार्धापर्यंत चालतो. भारतातून केवळ स्कीइंगसाठी इतक्या लांब जाणे परवडणारे नाही. मात्र तिकडे मुले वा नातेवाईक असतील आणि मे महिन्यात भेटीला जायचे ठरलेलेच असेल, तर दोन-तीन दिवस जोडून घेणे सहज शक्य आहे.

जवळचे, कमी खर्चाचे पर्याय कोणते?

कझाकस्तानातील अल्माटी शहरापासून काही किलोमीटरवर शिमबुलाक हे केंद्र आहे. त्याचा पायथा सुमारे २,२६० मीटरवर, तर माथा सुमारे ३,२०० मीटरवर. भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची मुभा जुलै २०२२ पासून आहे आणि दिल्लीहून विमानप्रवासही थोड्या तासांचा आहे. जॉर्जियातील गुदौरी सुमारे ३,३०० मीटरपर्यंत जाते आणि भारतीयांना तिथे ई-व्हिसाची सोय आहे. या दोन्ही ठिकाणी खर्च आल्प्सच्या तुलनेत बराच कमी.

अडचण एवढीच की दोन्हींचा हंगाम एप्रिलपलीकडे जात नाही. ज्यांची मुले एप्रिलच्या पूर्वार्धात मोकळी होतात किंवा ज्यांच्यासोबत शाळकरी मुले नाहीत, त्यांच्यासाठी हे पर्याय चांगले. मेसाठी ते धरू नयेत. एखादी सहल कंपनी मेमध्ये या ठिकाणचे ‘स्की पॅकेज’ विकत असेल, तर त्यात लिफ्टचा पास समाविष्ट आहे की केवळ गंडोलाने वर जाऊन येणे, हे लेखी विचारून घ्यावे.

नवशिक्यांसाठी उशिराचा हंगाम योग्य आहे का?

बहुतांश भारतीय पर्यटक स्कीवर प्रथमच उभे राहणार असतात आणि नेमक्या त्यांच्यासाठीच मे महिना सर्वांत अवघड. शिकण्यासाठीचे सौम्य उतार बहुधा गावाजवळ, कमी उंचीवर असतात आणि तेच सर्वांत आधी वितळतात. मग शिकाऊ मंडळींनाही तीन हजार मीटरवर, जोराच्या वाऱ्यात, सकाळी टणक आणि दुपारी चिखलासारख्या झालेल्या बर्फावर शिकावे लागते. स्की शाळांमधील प्रशिक्षकांची संख्याही तोवर घटलेली असते.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे शिकणे आधी उरकणे. गुलमर्गमधील पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, तसेच मनालीची अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात स्कीइंगचे अभ्यासक्रम घेतात. परदेशातील दोन दिवसांच्या खासगी शिकवणीपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात. दुसरा मार्ग म्हणजे दुबईतील बंदिस्त ‘स्की दुबई’. २००५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात बाराही महिने बर्फ असतो आणि सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा आहे. तिथे डोंगराचा अनुभव मिळत नाही. पण थांबणे, वळणे आणि पडल्यावर उठणे या तीन गोष्टी नक्की शिकता येतात. तेवढे जमले की खऱ्या डोंगरावरचे पहिले दोन दिवस वाया जात नाहीत.

वसंतात धोके कोणते?

पहिला धोका ओल्या हिमस्खलनाचा. रात्री आकाश ढगाळ राहिले आणि बर्फ गोठला नाही, तर दुसऱ्या दिवशी उन्हात संपूर्ण थर सैल होऊन उतारावरून कोसळू शकतो. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याची एक ते पाच अशी श्रेणी रोज जाहीर होते. वसंतात सकाळची आणि दुपारची श्रेणी वेगवेगळी असू शकते, त्यामुळे दोन्ही पाहाव्यात. आखलेल्या उतारांबाहेर स्थानिक मार्गदर्शकाविना जाऊ नये. २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या अफरवत भागात झालेल्या हिमस्खलनांत परदेशी स्कीपटूंचा बळी गेला होता. हिमनदीवर आणखी एक धोका असतो. बर्फाच्या पातळ थराखाली खोल भेगा असतात आणि वसंतात त्यावरचे ‘पूल’ कमकुवत होतात. म्हणून खांबांनी आखलेली हद्द ओलांडू नये.

दुसरा धोका उंचीचा. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश अशी लक्षणे दिसू शकतात. मुंबईतून निघून दुसऱ्याच दिवशी ३,८०० मीटरवर जाणे शहाणपणाचे नाही. झोपण्याची जागा खाली असलेले ठिकाण निवडावे. झरमॅट गाव सुमारे १,६०० मीटरवर, तर हिन्टरटुक्स सुमारे १,५०० मीटरवर आहे. कोलोरॅडोत मात्र मुक्कामच अनेकदा २,७०० मीटरच्या वर असतो.

तिसरा धोका उन्हाचा आणि तो सर्वांत दुर्लक्षित. दर हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो. पूर्ण संरक्षण देणारा गॉगल नसेल तर डोळ्यांना ‘हिमांधत्व’ येऊ शकते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांभोवतीही लावावे लागते, कारण किरण खालूनही येतात.

व्हिसा, विमा आणि आरक्षणाचे काय?

स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वीडन, नॉर्वे हे सर्व शेंगेन क्षेत्रात येतात. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वयोगटासाठी ४५ युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सहलीसाठी उन्हाळ्यातल्या गर्दीमुळे भेटीची तारीख मिळणे कठीण होते. त्यामुळे अर्ज फेब्रुवारीतच करावा. या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा बंधनकारक असतो. परंतु अनेक प्रवास विमा पॉलिसींमध्ये स्कीइंग हा साहसी खेळ मानून वगळलेला असतो, किंवा आखलेल्या उतारांबाहेरचा अपघात वगळलेला असतो. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च विम्यात धरला आहे का, हे पॉलिसीच्या मूळ मजकुरात वाचावे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

आरक्षणाचा क्रम महत्त्वाचा. आधी केंद्राच्या संकेतस्थळावर हंगाम संपण्याची तारीख पाहावी. मागील तीन-चार वर्षांत ते प्रत्यक्षात केव्हा बंद झाले, तेही शोधावे. हॉटेल शक्यतो रद्द करता येण्याजोगे घ्यावे. स्की, बूट आणि हेल्मेट तिथेच भाड्याने मिळतात. विकत घेण्याची गरज नसते. पास मात्र जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी, हवामान पाहून काढावा. चार जणांच्या कुटुंबाची अशी सहल काही लाखांच्या घरात जाते. लिफ्ट बंद निघाल्यास ती रक्कम परत मिळेलच असे नाही.

हिमनद्यांवरचे स्कीइंग किती काळ टिकणार?

उशिराच्या हंगामाचा सारा भार आता हिमनद्यांवर आहे आणि त्याच वेगाने आक्रसत आहेत. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ मध्ये सहा टक्के आणि २०२३ मध्ये चार टक्के घनफळ गमावले, म्हणजे दोन वर्षांत एकदशांश. २०२२ च्या उष्ण उन्हाळ्यात ‘३६५ दिवस’ अशी ओळख असलेल्या झरमॅटलाही जुलैअखेरीस स्कीइंग तात्पुरते थांबवावे लागले. एके काळी वर्षभर चालणाऱ्या तीन्य येथील उन्हाळी स्कीइंगही आक्रसत गेले. बोलिव्हियातील चाकालताया हे कधी काळी जगातील सर्वांत उंचावरचे स्की-केंद्र मानले जाई. तिथली हिमनदी २००९ मध्ये संपूर्ण नाहीशी झाली. ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातील २,२३४ स्की-केंद्रे तपासण्यात आली. तापमानवाढ दोन अंशांवर गेल्यास आणि कृत्रिम बर्फ वापरला नाही, तर त्यांपैकी ५३ टक्के केंद्रांना बर्फटंचाईचा अतितीव्र धोका असेल, असा त्याचा निष्कर्ष आहे. कृत्रिम बर्फासाठी पाणी, वीज आणि शून्याखालचे तापमान लागते. मेमध्ये यातील शेवटची गोष्टच दुर्मीळ असते.

मग निवड कशी करावी?

निवड देशावरून नव्हे, तर तारखेवरून करावी. एप्रिलच्या मध्यापर्यंत जाता येत असेल तर अल्माटी किंवा गुदौरी, कमी खर्चात. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा असेल तर आल्प्समधील उंच केंद्रे. या काळात निवड आणि बर्फ दोन्ही बरे असतात. मेच्या मध्यानंतर झरमॅट, हिन्टरटुक्स यांसारखी हिमनदी-केंद्रे किंवा नॉर्वे. मेच्या अखेरीस केवळ स्कीइंगसाठी जाण्याऐवजी अन्य सहलीत दोन दिवस स्कीइंगचे ठेवणे अधिक व्यवहार्य. आणि सोबतच्या सर्वांनाच स्की नवी असेल, तर मेची सहल पुढे ढकलून जानेवारी-फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा काढणे हा पर्याय सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित. मेमध्येच जायचे ठरले तर डोंगराबाहेरचेही काही बेतात असावे. चार दिवसांतले दोन दिवस वारा किंवा ढगांमुळे लिफ्ट बंद राहिल्या, तरी सहल वाया जाऊ नये, इतकी जागा त्यात ठेवायला हवी.